हॉकीचे पाच गुण

प्रति,
राज्यातल्या विद्यापीठांची विद्यार्थी विकास मंडळे, महाविद्यालयांची वाङ्मय मंडळे आणि आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषा भरवणारे सर्व प्राध्यापक व विद्यार्थी यांस,



जुलै उजाडला की माझ्याकडे पाकिटे यायला लागतात. म्हणजे हल्ली पाकिटे नसतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. पण सोबतचा मजकूर तोच. ‘सर, युवा महोत्सव जवळ आलाय, शंभर प्रश्नांचा संच काढलाय, जरा नजर टाका.’ मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात ३१ वर्षे ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला सगळे ठाऊक असते असा एक गोड गैरसमज असतो. त्यामुळे प्रश्न काढणे, उत्तरे तपासणे, फळ्यावर गुण मांडणे आणि बझर वाजेनासा झाला की त्याचे सेल बदलणे, ही सगळी कामे वर्षानुवर्षे माझ्या गळ्यात. निवृत्तीनंतर बझर सुटला, प्रश्न काही सुटले नाहीत.

यंदा आलेल्या एका संचात पहिल्याच पानावर प्रश्न होता: भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? पुढे उत्तर छापलेले: हॉकी. ते वाचले आणि ठरवले, एकेकाला खासगीत कळवत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच लिहावे.

कारण हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे. २०१४ सालची गोष्ट. अंतिम फेरीत सहा संघ, बाहेर धो धो पाऊस, सभागृहाच्या पत्र्यावर त्याचा एवढा आवाज की मला प्रत्येक प्रश्न दोनदा वाचावा लागत होता. चौथ्या टेबलावर एका आडगावच्या महाविद्यालयाचा संघ होता, दोन मुली आणि एक मुलगा. हॉकीचा प्रश्न त्यांच्या वाट्याला आला. मधली मुलगी जराशी थांबली आणि म्हणाली, ‘सर, तसा कुठलाच खेळ सरकारने जाहीर केलेला नाही.’ मी उत्तरसूची पाहिली. ‘चूक’ म्हणालो आणि प्रश्न पुढे सरकवला. पाचव्या टेबलाने ‘हॉकी’ म्हणून बोनसचे पाच गुण घेतले. टाळ्या पडल्या. शेवटी चौथ्या टेबलाचा संघ दुसरा आला, पाच गुणांनी.

चहाच्या वेळी ती मुलगी माझ्याकडे आली. भांडायला नव्हे, तिच्या वहीत एक कात्रण चिकटवलेले होते, ते दाखवायला. २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारणा केली होती आणि केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने कळवले होते, की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही. ‘निकाल राहू दे सर,’ ती म्हणाली, ‘फक्त पुढच्या वर्षी हा प्रश्न घेऊ नका.’

ती बातमी दोन वर्षांपूर्वी माझ्याच वाचनकक्षात आली होती. तारीखवार फाइलला लावून, दोरी ओवून कपाटात ठेवली होती. लावणारा मीच.

पुढे २०२० मध्ये धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी हाच प्रश्न पुन्हा माहितीच्या अधिकारात विचारला आणि त्यांनाही तेच उत्तर मिळाले. दोनदा सरकारी कागदावर आलेले उत्तर, आणि तरी यंदाच्या संचात हॉकी आहेच. हिंदी ही ‘राष्ट्रभाषा’ असल्याचा प्रश्नही त्याच पानावर होता. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात संघराज्याची राजभाषा असे शब्द आहेत. राष्ट्रभाषा हा शब्द तिथे नाही. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हेही होते. अवकाशात गेलेला पहिला चिनी अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये परतला, तेव्हा त्याने भिंत दिसली नाही असे सांगितले होते, आणि तो तर पृथ्वीभोवतीच फिरत होता, चंद्र बराच लांब राहिला.

असे प्रश्न येतात कुठून, हे मला चांगले ठाऊक आहे. माझा हॉकीचा प्रश्न गाईडमधून आला होता. गाईडकाराने तो जुन्या गाईडमधून घेतलेला, त्याने आणखी जुन्या. एका गाईडमधली छपाईची चूकसुद्धा पुढच्या तीन गाईडांत जशीच्या तशी उतरलेली मी पाहिली आहे. आता मोबाइलला सांगितले की तो मिनिटभरात शंभर प्रश्न ओतून देतो. त्याच्याही पोटात तीच गाईडे आहेत, एवढेच.

या उताऱ्यांच्या धंद्यावर अमेरिकेत एक मजेदार खटला झाला. फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने १९७४ मध्ये फुटकळ माहितीचा एक कोश काढला. आपली माहिती कोणी उचलली तर पकडता यावी म्हणून त्याने त्यात एक खोटी नोंद मुद्दाम पेरली. दूरचित्रवाणीवर कोलंबो नावाचा गबाळा पण चाणाक्ष पोलिस अधिकारी तेव्हा फार लोकप्रिय होता आणि मालिकेत त्याचे पहिले नाव कुणी घेतच नसे. वर्थने लिहून टाकले, त्याचे पहिले नाव फिलिप. पुढे ‘ट्रिव्हियल पर्स्यूट’ हा प्रश्नांचा पटावरचा खेळ आला, जगभर खपला, आणि त्याच्या एका कार्डावर कोलंबोचे पहिले नाव छापलेले होते: फिलिप. वर्थने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळ काढणाऱ्यांनी सरळ सांगितले, हो, तुमची पुस्तकेही आम्ही वापरली. पण माहितीवर कोणाची मालकी नसते. न्यायालयाने ते मानले आणि दावा फेटाळला. कायद्याने उचलेगिरी सुटली. फिलिपचे उत्तर मात्र चुकीचेच राहिले. आपल्या हॉकीवर दावा लावणारा कोणी वर्थही नाही.

खुद्द ‘क्विझ’ या शब्दाची जन्मकथासुद्धा अशीच आहे. डब्लिनच्या एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने १७९१ मध्ये पैज लावली, की चोवीस तासांत मी एक निरर्थक शब्द सगळ्या शहराच्या तोंडी करून दाखवीन; रातोरात पोरांकरवी भिंती-भिंतींवर ‘क्विझ’ लिहवून घेतले आणि पैज जिंकली. ही गोष्ट मी कितीतरी उद्घाटनांच्या भाषणांत ऐकली आहे, दोनदा स्वतः सांगितली आहे. पण तऱ्हेवाईक माणूस या अर्थाने हा शब्द त्याआधीच, १७८० च्या दशकात, इंग्रजीत लिहिला जात होता. म्हणजे आपल्या खेळाच्या नावाविषयीचे सामान्यज्ञानच मुळात तपासून न घेतलेले.

‘ट्रिव्हिया’ची कथा मात्र अर्धी तरी पक्की आहे. लॅटिनमध्ये ‘ट्रिव्हियम’ म्हणजे जिथे तीन रस्ते मिळतात ती जागा. तिथे येणारेजाणारे थांबून जे बोलतात ते ट्रिव्हिया, असे सांगतात. आमच्याकडे अशा जागेला तिठा म्हणतात, आणि कोकणातल्या कुठल्याही तिठ्यावर पाच मिनिटे एसटीची वाट पाहिली तर लॅटिन शिकावे लागत नाही. त्यामुळे ‘हे असले फुटकळ ज्ञान काय कामाचे’ असे कोणी म्हणाले की मला राग येत नाही. तिठ्यावर कळलेले पुष्कळदा खरे निघते. फक्त ते आधी घरी येऊन पडताळायचे असते.

आता आमच्या घरचेच उदाहरण देतो, म्हणजे मी दुसऱ्यांवरच घसरतोय असे वाटायला नको.

विजयदुर्गच्या किल्ल्यात काही चौथरे आहेत. त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रश्नमंजूषेत एक प्रश्न ठरलेला असतो: हेलियमचा शोध कोणत्या किल्ल्यावरून लागला? उत्तर: विजयदुर्ग, १८ ऑगस्ट १८६८, नॉर्मन लॉकयर. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी त्या दिवशीचे सूर्यग्रहण याच ओट्यांवरून पाहिले, हे आमच्या मुलांना पाळण्यातच कळते. किल्ल्यावर त्या तारखेला हेलियम दिवसही साजरा होतो.

ग्रहण त्या दिवशी झाले होते, यात शंका नाही. खग्रास, मोठे, भारतातून दिसलेले. फ्रान्सचे पिएर जान्सेन त्यासाठी गुंटूरला, म्हणजे आजच्या आंध्र प्रदेशात, दुर्बीण आणि वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना इतक्या तेजस्वी रेषा दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे त्यांच्या लक्षात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्या. लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी मागवलेले उपकरण यायला उशीर झाला होता. ते हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहणाविनाच, त्यांनीही त्या रेषा पाहिल्या. त्यांतली एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांजवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. तीवरून पुढे नव्या मूलद्रव्याची कल्पना निघाली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव पडले. दोघांचे अहवाल फ्रेंच अकादमीत एकाच दिवशी पोचले, म्हणून फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेले एक पदक काढले. विजयदुर्ग यात कुठेच नाही.

हे मी पहिल्यांदा एका स्पर्धेत बोललो, तेव्हा मागच्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. ‘सर, आमच्या किल्ल्याचो मान कित्याक घालवतास?’ सभागृह त्यांच्या बाजूने. मी खाली बसलो. घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना. एवढी तपशीलवार आठवण, ओटे दाखवण्याइतकी, नुसत्या हवेतून येईल कशी? शोधत गेल्यावर उत्तर मिळाले आणि ते गाईडातल्यापेक्षा शंभरपट चांगले होते. लॉकयर विजयदुर्गला खरोखरच आले होते, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांची मोहीम विजयदुर्गला उतरली. ब्रिटिश आरमाराच्या ‘मेल्पोमेनी’ या जहाजावरचे खलाशी त्यांच्या दिमतीला होते. खलाशांना उपकरणांवर उभे करून, कोणत्या सेकंदाला कोणी काय करायचे याची तालीम घेतली गेली. त्या मोहिमेचा अहवाल लॉकयर यांनी किल्ल्याच्या नावासह प्रसिद्ध केला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन करमाळ्याजवळच्या जेऊरला गेले होते. आणि हेलियम? तो १८९५ मध्येच विल्यम रॅम्झी यांनी लंडनमध्ये एका युरेनियमयुक्त खनिजातून वेगळा करून दाखवला होता. म्हणजे साहेब ओट्यावर उभा राहिला, तेव्हा हेलियम प्रयोगशाळेच्या नळीत तीन वर्षांचा झाला होता.

आता सांगा, मान गेला की वाढला? पुढच्या वर्षी मी प्रश्न असा घातला: ‘हेलियमशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते नॉर्मन लॉकयर १८९८ मध्ये कोकणातल्या कोणत्या किल्ल्यावर आले होते आणि कशासाठी?’ सहापैकी पाच संघांनी किल्ला सांगितला. ‘कशासाठी’ला एकाच संघाने ग्रहण म्हटले, बाकीचे हेलियम शोधायलाच म्हणाले. ते गृहस्थ या वेळीही मागच्या रांगेत होते. उठले नाहीत. चहाला मात्र माझ्या शेजारी येऊन बसले आणि विचारत राहिले, खलाशांना तालीम कशी दिली म्हणून.

दुसरी तक्रार ‘पहिला’ या शब्दाबद्दल. तो दिसला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पहिला भारतीय चित्रपट? संचात उत्तर ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३, मुंबईचे कॉरोनेशन. पण त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला होता, आणि तोरणे आमच्या मालवणकडचे. त्यामुळे या जिल्ह्यात हा प्रश्न विचारणाऱ्याने पळवाट आधीच पाहून ठेवावी. ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रीकरण, कॅमेरा चालवणारा इंग्रज, फिल्म धुतली लंडनला. म्हणून मान ‘राजा हरिश्चंद्र’ काढणाऱ्या फाळक्यांकडे जातो. मला तो निवाडा पटतोही. पण मग प्रश्नात ‘पूर्ण लांबीचा भारतीय कथापट’ एवढे शब्द घालायला काय हरकत आहे? पहिली रेल्वे? १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, तीन इंजिने. ही पहिली प्रवासी गाडी. दगड वाहणारी रेल्वे मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच धावली होती आणि रुरकीजवळ गंगेच्या कालव्याच्या कामावर माती ओढणारे वाफेचे इंजिन १८५१ मध्ये. ‘प्रवासी’ हा एक शब्द गाळला की तीन उत्तरे बरोबर होतात, आणि गुण मिळतात गाईड पाठ असलेल्याला.

‘पहिली भारतीय महिला डॉक्टर’ हा तर दरवर्षीचा तंटा. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन आल्या, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. प्रॅक्टिस करणे राहूनच गेले. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली १८८६ मध्येच तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्या आणि त्यांनी रुग्ण तपासले. रखमाबाई १८९४ मध्ये लंडनहून पात्रता मिळवून आल्या आणि सुरत, राजकोटला वर्षानुवर्षे रुग्णालये सांभाळली. एका स्पर्धेत तिन्ही नावे तीन टेबलांकडून आली आणि तिघांनाही आपापले कारण देता येत होते. त्या दिवशी क्विझमास्टर मी नव्हतो, हे नशीब. ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांनी उत्तरसूचीतले नाव वाचून दाखवले आणि पुढच्या फेरीकडे वळले. माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात चांगला क्षण तिथे वाया गेला.

शिळ्या उत्तरांबद्दल फार लिहीत नाही. एव्हरेस्टची उंची डिसेंबर २०२० पासून ८८४८.८६ मीटर आहे. नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केली. प्लुटोला ग्रहांच्या पंगतीतून २००६ मध्येच उठवले. महाराष्ट्राचे जिल्हे १९६० मध्ये २६ होते आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाल्यापासून ३६ आहेत. तरी माझ्याकडे आलेल्या एका संचात ते ३५ होते, म्हणजे तो संच पालघर होण्याआधी पहिल्यांदा टाइप झाला तेही कळले. सर्वांत जास्त उपग्रहांचा ग्रह कोणता, याचे उत्तर गुरू की शनी यात अनेकदा उलटसुलट झाले आहे. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि त्याचा आकडा २७४ झाला. असले प्रश्न घ्यायचेच असतील तर ‘अमुक तारखेपर्यंत’ हे दोन शब्द जोडा.

बरे, मग प्रश्न कसा असावा? मुले एक शब्द वापरतात, तो मला आवडतो: प्रश्न ‘वर्कआउट’ झाला पाहिजे. उत्तर पाठ नसले तरी तिघांनी डोकी एकत्र आणून त्या वाटेने चालता आले पाहिजे. माझी पिढी अमीन सयानींची बोर्नव्हिटा क्विझ रेडिओला कान लावून ऐकत वाढली, पुढे १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचे ‘क्विझ टाइम’ आले, आणि २००० साली मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेंनी ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये पहिल्यांदा एक कोटी जिंकले तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले. फटाके वाजले ते रकमेला; मला आठवतो तो शेवटचा प्रश्न. राज्यघटना पुढीलपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा देते: सॉलिसिटर जनरल, अ‍ॅटर्नी जनरल, कॅबिनेट सचिव की सरन्यायाधीश? अनुच्छेद ८८ पाठ असेल तर दोन सेकंदांचे काम. नसेल तरी वाट आहे. कॅबिनेट सचिव नोकरशहा, तो सभागृहात बोलणार कसा? सरन्यायाधीश संसदेत बोलू लागले तर न्यायमंडळाचे वेगळेपण राहिले कुठे? उरले दोघे कायदेवाले, आणि प्रश्नात शब्द आहे ‘राज्यघटना’. दोघांपैकी घटनेत पद आहे ते अ‍ॅटर्नी जनरलचेच. एक कोटीचा प्रश्न नागरिकशास्त्राच्या वर्गात बसलेल्या मुलाला सुटू शकतो, ही त्याची ऐट.

आपल्या मातीतही असे प्रश्न पडलेले आहेत. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. ‘कधी घेतले’ हा प्रश्न यंदा मला चार संचांत सापडला. एकानेही असे विचारले नव्हते: ‘या १२ पैकी ११ महाराष्ट्रात आहेत, बारावा महाराष्ट्राबाहेर कोणता, आणि तो या यादीत का असावा?’ बातमी न वाचलेल्या मुलानेही संभाजी महाराजांनंतर राजाराम महाराज दक्षिणेत कुठे गेले आणि मोगलांनी वर्षानुवर्षे वेढा कुठे घातला, हे शाळेत शिकलेले असते. जिंजी. पाहा, चालू घडामोडी आणि १६८९ साल एका टेबलावर आले. किंवा भूगोल घ्या. आपल्या पठाराच्या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. या ‘ट्रॅप’चा सापळ्याशी संबंध नाही, तर स्वीडिश भाषेतल्या एका रोजच्या वस्तूशी आहे. कोणती? ज्याने एसटीच्या खिडकीतून सह्याद्रीचे कडे नीट पाहिलेत, एकावर एक लाव्ह्याचे थर, मध्ये सपाटी, पुन्हा कडा, त्याला ‘जिना’ सुचतो. हा प्रश्न मी वैभववाडीच्या एका मुलाला विचारला होता. त्याने डोळे मिटले, हवेत हाताने पायऱ्या काढल्या आणि ‘पायरी!’ म्हणून ओरडला. पूर्ण गुण दिले.

आनंदीबाईंचाही चांगला प्रश्न होतो. शुक्रावरच्या विवरांना स्त्रियांची नावे देण्याचा संकेत आहे. तिथे जोशी नावाचे एक विवर आहे आणि मेधावी नावाचे दुसरे. या दोघी १८८६ मध्ये एकाच पदवीदान समारंभाला हजर होत्या, एक पदवी घ्यायला आणि एक पाहायला. दुसरी कोण? पंडिता रमाबाई मेधावी, ज्या त्यासाठी फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. ‘पहिली कोण’ या तंट्यातून बाहेर पडून आपण एकदम शुक्रावर जातो आणि तिथेही दोघी मराठी बायका भेटतात.

भाषेबद्दल थोडे. मराठी संच म्हणून जे येते त्यातले बरेचसे इंग्रजी संचाचे यांत्रिक भाषांतर असते. एकदा प्रश्न आला होता, ‘पुढीलपैकी वायू राक्षस कोणता?’ मुले पुराणातले राक्षस आठवत बसली. उत्तर होते गुरू ग्रह. दुसऱ्या संचात ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ‘महान अडथळा’ होता. ग्रेट बॅरिअर रीफ असेच लिहा ना, किंवा प्रवाळभित्ती म्हणा. मुलांना दोन्ही कळते. उलट काही ठिकाणी प्रश्न फक्त इंग्रजीत वाचला जातो. तीस सेकंदांतली पंधरा मनातल्या भाषांतरात जातात, आणि आडगावच्या टेबलावरचा संघ बझरला हात लावेपर्यंत शहरातला संघ दाबून मोकळा झालेला असतो. दोन्ही भाषांत वाचायला दहा सेकंद जास्त लागतात. द्यावीत.

आणि आता मागणी. नियमपत्रिकेत ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य असते, ते राहू द्या, त्याशिवाय बक्षीस समारंभ वेळेवर होत नाही हे मलाही कळते. पण त्याच्या वर एक ओळ घाला: प्रत्येक फेरीनंतर पाच मिनिटे लेखी आक्षेप घेता येईल. टेबलावर कोरे कागद ठेवा. प्रश्नाच्या कार्डामागे तो कुठल्या पुस्तकातून घेतला, पान कोणते आणि कोणत्या तारखेला ताडून पाहिला, हे पेन्सिलीने लिहा. ज्या कार्डाची मागची बाजू कोरी, तो प्रश्न बाद. गाईडचे नाव लिहिले तर अर्धा बाद. आक्षेप खरा निघाला तर गुण परत द्या आणि माइकवर तसे सांगा. माझ्या शेवटच्या दोन वर्षांत आम्ही हे करून पाहिले. पहिल्या वर्षी नऊ आक्षेप आले, त्यांतले चार बरोबर होते आणि त्या चारांतले दोन प्रश्न माझे होते. कार्यक्रम वीस मिनिटे लांबला. कोणी उठून गेले नाही. उलट आक्षेपाचा निकाल लागताना सभागृह जेवढे चिडीचूप होते, तेवढे ते रॅपिड फायरलाही नसते.

ग्रंथालय त्या दिवशी उघडे ठेवा, एवढेही सांगायला हवे. बहुतेक ठिकाणी महोत्सवाच्या दिवशी ग्रंथपालालाच पाहुण्यांच्या स्वागताला उभे करतात आणि ग्रंथालयाला कुलूप असते. मराठी विश्वकोशाचे खंड आत, प्रश्न बाहेर.

चौथ्या टेबलावरच्या त्या मुलीचे नाव मी इथे लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही. त्या वर्षीची गुणपत्रिका माझ्याकडे आहे. तिच्यावर मी नंतर लाल पेनाने दुरुस्ती केली आहे, त्यांचे दहा मांडले, शेजारच्यांचे पाच कापले, बेरीज पुन्हा केली. करंडक मात्र पाचव्या टेबलाच्या महाविद्यालयात काचेच्या कपाटात आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल,
जिल्हा सिंधुदुर्ग

ता. क. : या पत्रातला कोणताही प्रश्न संचात घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण आधी ताडून पाहा. शनीचा तर नक्कीच.